झिंजमधला झाडूवाला मासा

 

ज्यांच्या घरी काचेच्या पेटीत मासे आहेत त्या मुलांसाठी मी आजचा लेख मुद्दाम लिहीत आहे. ज्या नातवंडांना मराठी बोललेले कळते पण वाचता येत नाही, त्यांना आजी-आजोबांनी वाचून दाखवावा, ही विनंती.

२०२२ सालच्या डिसेंबरात, हनुकाच्या सुमारास, मी बहरीनला गेले होते. तेव्हा तेल अविवहून मनामाला थेट विमान जात असे. माझी भाची मूळची ठाण्याची. तिचे यजमान तिथे एका कंपनीत हिशेब बघत, आणि मनामाच्या झिंज भागात त्यांचे बिऱ्हाड होते. नव्या गावी गेल्यावर आधी मासळीबाजार बघायचा ही आपली कोकणातली जुनी खोड. तिथे आपली सुरमई म्हणजे कनद आणि पापलेट म्हणजे झुबैदी, हे मी पहिल्याच दिवशी शिकले. घरी येऊन आंबट-तिखट करी केली आणि भाचीने नारळ खवून दिला. परक्या मुलखात आहोत असे वाटलेच नाही.

भाचीचा मुलगा तेव्हा दहा वर्षांचा. तो मला आजीच म्हणतो. त्याच्या खोलीत काचेची पेटी होती. तिच्यात चार गोल्डफिश आणि एक काळपट, चपट्या पोटाचा, अंगभर ठिपके असलेला मासा. दिवसभर तोंडाने काच चाटत बसायचा. दुकानात त्याला 'सकर' म्हणतात. पेटीतले शेवाळ साफ करतो म्हणून नातवाने त्याचे नाव ठेवले होते झाडूवाला. आणला तेव्हा बोटाएवढा होता म्हणे, आता वीतभर झाला होता आणि त्याला पेटीत नीट वळताही येत नव्हते.

त्यातच ठरले की पुढच्या उन्हाळ्यात सर्वांनी ठाण्याला परत जायचे. फर्निचर विकता येते, पण माशांचे काय? एका संध्याकाळी नातू प्लास्टिकची पिशवी घेऊन माझ्याकडे आला आणि म्हणाला, "आजी, मम्मीला सांगू नकोस. आपण झाडूवाल्याला आदारीच्या तळ्यात सोडून येऊ या. तिकडे तो मोकळा फिरेल."

किती चांगला विचार ना? मलाही क्षणभर तसेच वाटले. पण मी त्याला म्हटले, "आज नको. आधी ते तळं तर बघू."

आदारी हा झिंजजवळचा जुना झरा. बहरीन या नावाचा अर्थ दोन समुद्र. एक खाऱ्या पाण्याचा, वरचा, आणि दुसरा गोड्या पाण्याचा, जमिनीखालचा, असे तिथले लोक समजावून सांगतात. पूर्वी भर समुद्रातही तळाशी गोड्या पाण्याचे झरे होते आणि मोती काढणारे पाणबुडे बुडी मारून कातडी पखालीत ते पिण्याचे पाणी भरून आणीत. आदारी हा जमिनीवरचा मोठा झरा. त्याचे पाणी पाटांनी लांबच्या खजुरीच्या बागांना जाई आणि जवळची जमीन कोरडी राही. म्हणून तिथे म्हणच पडली आहे की आदारी दूरच्याला पाजते आणि जवळच्याला विसरते. आपल्याकडे दिव्याखाली अंधार म्हणतात, तसेच काहीसे. पुढे पंपांनी इतके पाणी उपसले गेले की गेल्या शतकाच्या उत्तरार्धात झरे एकामागून एक आटले. २००८ साली तिथे नव्याने बाग उभी राहिली आणि तळेही बांधून काढले.

अशा झऱ्यांमध्ये आणि पाटांमध्ये एक इवलासा मासा राहत आला आहे. बोटभर लांबीचा, नराच्या शेपटीवर काळे पट्टे. गोडे पाणी, खारे पाणी, कडक ऊन, सगळे सोसतो आणि डासांच्या अळ्या खातो. एवढ्याशा देशात गोड्या पाण्याच्या जागा त्या किती! त्यांतच ज्याचे घर आहे, त्याच्या घरात आपण वीतभर झाडूवाला नेऊन सोडायचा का, हा प्रश्न होता.

डासांच्या अळ्यांचे नाव काढले आणि मला माझी एक गोष्ट आठवली. ती मी नातवाला तिथल्याच बाकावर बसून सांगितली. तुम्हांलाही सांगते.

मी मुंबईत नर्सिंग शिकत होते तेव्हा आम्हांला खेड्यावर काम करायला पाठवीत. हिवतापाचे दिवस. आम्ही घरोघर जाऊन ताप असलेल्यांचे रक्त काचपट्टीवर घ्यायचो. बरोबरचा माणूस डब्यातून गप्पी मासे आणी आणि विहिरीत सोडी. ते डासांच्या अळ्या खातात. एके दिवशी डब्यात थोडे मासे उरले. बाजूलाच गावतळे होते, कमळाची पाने, बेडकांची पिल्ले, बारीक देशी मासे असलेले. मी उत्साहाने डबा त्यातच रिकामा केला. मला कुणी सांगितले नव्हते आणि कुणी अडवलेही नाही. पुढच्या पावसाळ्यात गेले तर तळे गप्पींनी भरलेले. बेडकांची पिल्ले मला दिसली नाहीत. ते गप्पींमुळेच झाले असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही, पण तो डबा माझ्या हातून रिकामा झाला होता, एवढे खरे.

गप्पी दक्षिण अमेरिकेकडचे. त्यांचाच एक भाऊबंद गम्बुसिया अमेरिकेतला. तो १९२८ साली इटलीमार्गे भारतात आणला गेला, आणि डास मारायला म्हणून इरेत्झमध्येही सोडला गेला. हेतू चांगलाच होता. हिवतापाने माणसे मरत होती, मी स्वतः पाहिली आहेत. पण गम्बुसिया नुसत्या अळ्या खाऊन गप्प बसत नाही. इतर माशांची अंडी आणि पिल्लेही खातो. बंद टाकीत किंवा विहिरीत सोडणे निराळे आणि वाहत्या पाण्यात सोडणे निराळे.

आम्हां नर्सांना पहिला धडा असतो: औषध बरोबर, रोगी बरोबर, मात्रा बरोबर. एका खाटेवरच्याला जीवदान देणारे औषध शेजारच्या खाटेवरच्याला दिले तर तेच विष होते. माशांचेही अगदी तसेच आहे. याची दोन उदाहरणे देते, आणि दोन्ही आपल्या ओळखीची आहेत.

पहिले महसीरचे. माझ्या मामांना गळ टाकायचा भारी नाद. गिरणीतले त्यांचे साहेब पवई तलावावरच्या गळवाल्यांच्या संस्थेचे सभासद होते. ही संस्था १९३० च्या दशकापासूनची. रविवारी साहेब मामांना सोबत नेत. मामा पहाटे कणकेच्या गोळ्या मळून निघत. कधी रोहू मिळे, कधी कटला, पुष्कळदा हात हलवीत येत. पण त्यांच्या तोंडी सारखा महसीर. म्हणत, "रोहू पोटासाठी, महसीर इभ्रतीसाठी." गळाला लागला की तासभर झुंजवतो म्हणून गळवाले त्याला पाण्यातला वाघ म्हणतात.

आपला दख्खनचा महसीर शास्त्रज्ञांच्या पुस्तकात प्रथम नोंदला गेला तो पुण्याच्या मुळा-मुठेतून. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ साली त्याचे वर्णन छापले आणि त्याला 'खुद्री' नाव दिले. पुढे धरणे झाली, नद्या घाण झाल्या, महसीर कमी झाला. तेव्हा टाटांच्या वीज कंपनीने १९७० च्या दशकात लोणावळ्याला वळवण येथे महसीरची पैदास सुरू केली. फार मोलाचे काम होते ते. तिथली पिल्ले अनेक राज्यांत पाठवली गेली आणि काही दक्षिणेत कावेरी नदीतही सोडली गेली.

आता कावेरीत तिचा स्वतःचा महसीर होता. कुबड असलेला, शेपटी-पर नारिंगी, प्रचंड वाढणारा. १९४६ साली कावेरीची उपनदी कबिनी हिच्यात गळाला लागलेला एक महसीर १२० पौंडांचा, म्हणजे ५४ किलोंचा होता. जगभरचे हौशी गळवाले त्याच्यासाठी तिथे येत, मासा पकडून वजन करून परत पाण्यात सोडत, आणि वहीत नोंद करीत. या वह्याच पुढे साक्षीला आल्या. संशोधकांनी १९९८ ते २०१२ पर्यंतच्या नोंदी तपासल्या. बाहेरून आणलेला निळसर परांचा महसीर वर्षागणिक वाढत गेला होता, आणि कुबडवाला घटत घटत जवळजवळ दिसेनासा झाला होता. हा अभ्यास २०१५ साली छापून आला. २०१८ साली कुबडवाल्याला शास्त्रीय नाव मिळाले, आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त जातींच्या यादीतही गेला. म्हणजे बारसे आणि धोक्याची घंटा एकदमच.

मामा हयात असते तर त्यांचा विश्वास बसला नसता. आमचा महसीर आणि उपद्रवी? पण पुण्या-लोणावळ्याला जो घरचा, तो कावेरीत पाहुणा. मासा तोच, पाणी बदलले.

दुसरे उदाहरण आपल्या ताटातले. इथे आपण अम्नून खातो. किन्नेरेतचा मासा, छान खवले, छान पर, सबाथच्या जेवणाला चालणारा. सोलापूरकडच्या उजनी धरणावर गेलात तर भिगवणच्या हॉटेलात चिलापी मिळते. भाकरीबरोबर झणझणीत रस्सा. ही चिलापी म्हणजे आपल्या अम्नूनची आफ्रिकेतली चुलत बहीण, तिलापिया. ती १९५२ साली भारतात आणली, गोरगरिबांना स्वस्त मासा मिळावा म्हणून. ही मादी अंडी तोंडात धरते. पिल्ले बाहेर आली तरी संकट दिसले की पुन्हा आईच्या तोंडात शिरतात. त्यामुळे पिल्ले मरत नाहीत, दोन-तीन महिन्यांत तीच वयात येतात, आणि वर्षातून पुष्कळदा वीण होते. नर तळाशी खड्डे करतात, दुसऱ्याची अंडी खातात. भीमेच्या पाण्यातले जुने देशी मासे मागे पडले आणि उजनीत चिलापीचे राज्य झाले. गळ टाकणारा आता काय आणतो? चिलापीच. हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे की आज तिथल्या कितीतरी मच्छीमारांची चूल त्याच चिलापीवर पेटते. त्यांना नावे ठेवण्यात अर्थ नाही. एकदा पाण्यात गेलेली गोष्ट परत काढता येत नाही, मग माणूस तिच्यासोबत जगायला शिकतो.

आणि किन्नेरेतचा मिशीवाला सफम्नून आठवतो? आपण तो खात नाही, त्याला खवले नाहीत. इथल्या पाण्यात तो पिढ्यान् पिढ्या आहे, त्याचे कुणाचे वाकडे नाही. तीच जात भारतात 'थाई मांगूर' म्हणून चोरवाटेने आली. दिसेल ते खाते, हवेत श्वास घेते, ओल्या जमिनीवरून सरपटत दुसऱ्या पाण्यात जाते. भारतात २००० साली तिच्या पैदाशीवर बंदी आली. तरीही चोरून तळी चालत, म्हणून २०१९ नंतर महाराष्ट्रात अशी तळी नष्ट करण्याची मोहीम काढावी लागली.

इतके ऐकल्यावर आमच्या नातवाने विचारले, "आणि माझा झाडूवाला?"

त्याचे गाव दक्षिण अमेरिका. पेटीत बोटाएवढा दिसतो, मोठ्या पाण्यात दीड फुटापर्यंत वाढतो. काठाच्या मातीत बिळे करतो, म्हणून बंधारे ढासळतात. त्याच्या पाठीवरच्या आणि बाजूच्या काट्यांनी मच्छीमारांची जाळी फाटतात. पाण्याबाहेर काढला तरी तासन् तास मरत नाही. उजनीत हल्ली तो पोहोचला आहे आणि तिथले मच्छीमार त्याला वैतागले आहेत. जाळे फाडतो तो फाडतो, वर बाजारात त्याला कुणी विचारीत नाही. आफ्रिकेहून किंवा अमेरिकेहून तो पोहत नाही ना आला? कुणाच्या तरी घरची पेटी रिकामी झाली, तेव्हा आला.

"आजी, हा कोशेर आहे का?" नातवाचा पुढचा प्रश्न. मला हसू आले. अंगावर चिलखत दिसते खरे, पण ते हाडाचे तुकडे आहेत, खवले नव्हेत. नखाने निघत नाहीत. आपल्याकडे गोष्ट सांगतात ना, दाविद राहबी कोकणात आले तेव्हा त्यांनी आपल्या बायकांपुढे मासळीची टोपली ठेवली, आणि बायकांनी खवल्यांचे मासे तेवढे वेगळे काढले. त्यावरून त्यांनी आपल्याला ओळखले. मी म्हटले, "आपल्या आज्या-पणज्यांनी हा बाजूलाच काढला असता बरं!"

मग मात्र तो थोडा वेळ गप्प झाला आणि म्हणाला, "आजी, आपणपण बाहेरूनच आलो ना? तू इंडियाहून इस्रायलला गेलीस. आम्ही इकडे आलो. मग आपणही वाईट?"

वाचकहो, त्या बाकावर मला जरा वेळ उत्तर सुचले नाही. आपले पूर्वज जहाज फुटून नवगावच्या किनाऱ्याला लागले, असे आपण मानतो. कोकणाने त्यांना जागा दिली. त्यांनी तेलाचे घाणे घातले, शनिवारी बंद ठेवले, म्हणून शनवार तेली झाले, गावचे झाले, मराठी झाले. कुणाचे घर मोडले नाही. माणूस दार वाजवून येतो, भाषा शिकतो, शेजाऱ्याला दुखले तर धावून जातो. मी इथे आले तेव्हा मला हिब्रूचा गंध नव्हता, तरी पहिल्या आठवड्यापासून वॉर्डात उभी राहिले. माशाला हे जमत नाही आणि तो त्याचा दोषही नाही. त्याला कुणी विचारले नव्हते, तळ्यालाही विचारले नव्हते. जबाबदारी पिशवी उपडी करणाऱ्याची. म्हणून बाळांनो, माशांचा नियम माणसांना कधी लावू नका. तसे कुणी बोलू लागले तर त्याला आपल्या आजीची गोष्ट सांगा.

एक शेवटचे उदाहरण, म्हणजे वेळ गेल्यावर काय होते ते कळेल. अमेरिकेतल्या यलोस्टोन तलावात तिथला देशी ट्राउट होता. वसंतात तो ओढ्यांत चढून अंडी घाली, तेव्हा अस्वले, पाणमांजरे, गरुड सगळ्यांची सोय होई, आणि गळवाल्यांचीही. १९९४ साली तिथे दुसऱ्याच जातीचा मोठा ट्राउट सापडला, कुणीतरी आणून सोडलेला. तो खोल पाण्यात राहतो आणि देशी ट्राउटला खातो. ओढ्यांत येत नाही, त्यामुळे अस्वलाच्याही कामाचा नाही. देशी मासा झपाट्याने घटला. तेव्हापासून तिथे नियम आहे की हा परका ट्राउट गळाला लागला तर परत सोडायचा नाही, मारायचाच. शिवाय दरवर्षी जाळी लावून लाखोंनी मासे काढावे लागले. एक पिशवी उपडी करायला किती वेळ लागतो? अर्धा मिनिट. आणि निस्तरायला तीस वर्षेही पुरत नाहीत.

आता झाडूवाल्याचे काय झाले ते सांगते.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे पाण्याने भरलेली बादली घेऊन मनामातल्या पाळीव माशांच्या दुकानांत फिरलो. एकाने नाही म्हटले. दुसऱ्याने बादलीत नुसते डोकावून हात हलवला. तिसरा केरळचा गृहस्थ होता. त्याने आम्हांला आत नेऊन एक मोठी टाकी दाखवली. तिच्यात झाडूवाल्याचे सोळा भाऊ होते, काही हाताएवढे. तो म्हणाला, "सगळे लहान बघून नेतात, मोठा झाला की परत आणतात. हे निदान आणतात तरी." त्याने झाडूवाल्याला ठेवून घेतले, पैसे दिले नाहीत, घेतलेही नाहीत. गोल्डफिश झिंजमधल्याच शेजारच्या मुलीने नेले.

परत येताना नातू रिकामी बादली मांडीवर घेऊन रडला. मी त्याला गप्प केले नाही. रडण्यासारखेच होते ते. आपल्याला आवडलेल्या जिवाला काचेच्या टाकीत परत ठेवून यायचे म्हणजे सोपे नाही. मोकळे सोडले असते तर तो हसत घरी आला असता, आणि त्या शेपटीवर पट्टे असलेल्या इवल्या माशांच्या वतीने कुणी रडले नसते.

तर बालमित्रांनो, या म्हाताऱ्या नर्सची चिठ्ठी घ्या. मासा आणण्याआधी दुकानदाराला विचारा, हा केवढा होणार? नकोसा झाला तर दुकानात परत द्या, मित्राला द्या, किंवा पशुवैद्याला विचारा. तळ्यात, ओढ्यात, किन्नेरेतमध्ये किंवा संडासात सोडू नका. पेटीतले पाणी आणि पाणवनस्पतीही ओढ्यात टाकू नका, त्यांच्यातून अंडी, गोगलगाई आणि रोग जातात. आणि गळ टाकायला जाणाऱ्या आजोबांनो, एका तलावातला जिवंत मासा दुसऱ्या तलावात नेऊ नका, मौज म्हणूनसुद्धा.

भाचीचे कुटुंब २०२३ च्या उन्हाळ्यात ठाण्याला परतले. नातू आता तेरा वर्षांपुढे गेला, बार मित्झवा झाला. परवा फोनवर सांगत होता की सोसायटीतले एक काका कासव तळ्यात सोडायला निघाले होते, तर त्याने त्यांना गेटवरच अडवले. काका चिडले. "मग?" मी विचारले.

"मग मी त्यांना दुकानाचा पत्ता दिला," तो म्हणाला.